पावणेसहा रुपयांची बाकी

हास्य, शृंगार व रहस्य हे तीन रस एकाच कथेत घातले म्हणजे कथेची खिचडी होते, असा आक्षेप सुज्ञ मंडळींकडून वारंवार ऐकू येतो. आम्हांस तो मान्य नाही, आणि प्रमाणादाखल आम्ही १९५८ सालचा ‘चलती का नाम गाडी’ हा हिंदी बोलपट पुढे करितो.

सत्येन बोस यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात अशोककुमार, अनूपकुमार व किशोरकुमार हे सख्खे बंधू मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालविणाऱ्या तीन भावांच्या भूमिकांत आहेत. थोरल्यास स्त्रीजातीचे नावही खपत नाही. अशा गॅरेजात एका पावसाळी रात्री मधुबालेची बिघडलेली गाडी येते. धाकटा ती दुरुस्त करितो, आणि बाई मजुरी न देताच निघून जातात! ती मजुरी पाच रुपये बारा आणे. (नवे पैसे १९५७ सालीच सुरू झाले होते, पण जिभेवरचे आणे इतक्यात जातात कोठे?)

खरी खुबी येथेच आहे. बाकी वसूल करावयास निघालेला धाकटा तिच्या घरापर्यंत पोहोचतो, वसुलीची प्रीती होते, आणि प्रीतीपायी तो तिच्या पित्याच्या संपत्तीवर डोळा ठेवणाऱ्या भामट्यांच्या कटात गुंततो. तिन्ही रस निरनिराळ्या भांड्यांतून आणून ओतलेले नाहीत; ते एकाच देण्यातून निघतात. थोरल्याच्या स्त्रीद्वेषास आरंभी आपण पोट धरून हसतो. त्यामागे जुनी जखम आहे हे पुढे उमगते, तेव्हा आपल्याच हसण्याची थोडी लाज वाटते. शेवटची मारामारी लांबली आहे आणि भामट्यांचा कट काही फारसा पक्का नाही, हे मात्र आम्ही कबूल करितो.

तेरेखोलच्या काठी राहणाऱ्यांस ही मिसळण नवलाची वाटू नये. आमच्या दशावतारात वेद चोरणारा संकासुर खरा दैत्य. तरी तोच मालवणीत बोलून आबालवृद्धांस हसवितो, आणि त्याच रात्री पुढे आख्यान रंगले म्हणजे आयाबायांचे डोळे पाणावतात. जत्रेत पहाटेपर्यंत बसलेल्या कोणा आरोंदेकराने रसभंगाची तक्रार केल्याचे आम्ही तरी ऐकिले नाही.

शाळेत दाखवावयाचा चित्रपट बोधपरच हवा, असा आग्रह धरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा एकदा अवश्य पाहावा. मागील बाकांवरील ज्या मंडळींनी तो आधीच पाहिला असेल, त्यांनी थोरल्याचे गुपित तेवढे फोडू नये.