गल्ल्यामागची कागदं

कोणत्याही किराणा दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीकडे पाहा. उदबत्तीच्या धुरानं पिवळी पडलेली अन्नपरवान्याची चौकट, शेजारी जीएसटीचं प्रमाणपत्र, काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का. प्रत्येकाचे नियम वेगळे, पोर्टल वेगळं, पासवर्डही वेगळा.

कायद्यानं सवलती दिल्या आहेत, हे मान्यच. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही; दीड कोटीपर्यंत एक टक्का कर भरण्याची आपसमेळ योजना आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्यानं थोडे कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी ठरवली. पण हे दुकानदाराला सांगणार कोण? आजारपणात महिनाभर शटर बंद राहिलं, एक रुपयाची विक्री नाही, तरी नियमित जीएसटी नोंदणीवाल्याचं शून्य विवरणपत्र चुकलं की रोज 20 रुपये विलंबशुल्क, कमाल 500. रक्कम छोटी, ती निस्तरायला करसल्लागाराकडे घातलेले हेलपाटे मोठे.

कर बुडवणाऱ्याची गय नकोच. मात्र विक्रीच नसलेल्या महिन्याचं विलंबशुल्क रद्द करा, मुदतीआधी मराठीत संदेश पाठवा आणि नूतनीकरणाच्या सगळ्या तारखा एकाच खिडकीवर आणा.