पैजेला मर्यादा, हौसेला नाही

टेक्ससच्या होल्डेम पोकरमध्ये ‘लिमिट’ म्हणून एक प्रकार आहे. त्यात पैजेची रक्कम ठरलेली. तेवढ्या आधारावर हातच्या राजा-नव्वीनिशी पहिल्या जागेवरून उडी घेणारे हौशी विचारतात, “एका पैजेने काय बुडते?” अहो, फेऱ्या चार, त्यांत शेवटच्या दोन दुपटीच्या! दर फेरीत तुम्ही आधी बोलणार, मागचे ऐकून ठरवणार. राजा जुळला, तर राजा-एक्केवाला शेवटपर्यंत वसूल करील. न जुळला, तर ठरीव पैजेच्या धाकाने पळतो कोण? डेव्हिड स्क्लान्स्कीने १९७६ सालीच पानांची प्रतवारी छापली. हौशी ती वाचतो कशाला! पुढच्या साऱ्यांनी पाने टाकल्यावर शेवटच्या जागेवरून हीच जोडी खुशाल खेळावी. पहिल्या जागेवर निमूट टाकावी.