दोष वजनाला, अभय पुड्याला

जाड माणसाचा जिभेवर ताबा नाही आणि सडपातळ माणूस ठणठणीत, असं आपण बिनदिक्कत धरून चालतो. लग्नात, हळदीकुंकवात कुणीही उठून ‘जरा सुटलीस हं’ म्हणतं आणि तीच व्यक्ती तिच्या ताटात आग्रहाने दुसरा लाडू वाढते. शाळेत ‘ढोल्या’ म्हणून हिणवलेला मुलगा ती हाक जन्मभर विसरत नाही. हा दुष्टपणा आहे, शिवाय त्याला वैद्यकाचा आधारही नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही तपासली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती वजनाने बरीच हलकी आणि स्नायूंनी किरकोळ होती, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. जे आईच्या पोटातच घडू लागतं, त्याचा जाब इच्छाशक्तीला कसा विचारणार? आणि ‘तुला काय, तू काहीही खा’ असं काटकुळ्याला सांगणारा तर त्याचा घातच करतो. मधुमेह काटा बघून येत नाही.

दुसरा दावा असा, की आजी-आजोबाही तळलेलंच खात होते, त्यांना काय झालं? ते तळलेलं खात होते, पण कधी? दिवाळीला भाजणी भाजा, दळून आणा, सोऱ्या फिरवा, तेव्हा कुठे चकलीचा डबा भरायचा, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत त्याचा तळ दिसायचा. कष्टाचा आणि तेलाच्या भावाचा लगाम होता. आज शेव, चकली, फरसाण बारा महिने किलोवर मिळतं आणि चारच्या चहाबरोबर रोज उघडलं जातं. वडापाव हे कामगाराचं जेवण होतं. अंगमेहनत करणाऱ्याने तो पोट भरायला खाल्ला. खुर्चीवर दिवस काढणाऱ्याने दोन जेवणांच्या मध्ये तोच खायचा आणि वर परंपरेचा दाखला द्यायचा, हे मला पटत नाही.

मग बोलायचं कशावर? कुठल्याही शाळेसमोरची टपरी बघा. पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा नेमक्या पोरांच्या डोळ्यांसमोर लोंबतात. केळं तिथे नसतंच. मीठ, साखर, तेल किती, ते पुड्याच्या मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. चिलीने २०१६ पासून मीठ-साखर जास्त असलेल्या पुड्यांच्या दर्शनी भागावर इशाऱ्याची काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात काय सुचवलं? तारे! तारा ही शाबासकी झाली. मिठाने भरलेल्या पुड्यालाही एखाददुसरा तारा मिळाला, तर पोराला तो इशारा वाटेल का?

यावर हमखास विचारलं जातं, की माणसाची स्वतःची काहीच जबाबदारी नाही का? आहे, जरूर आहे. पण जिला अक्षरओळख नाही, त्या आजीने नातवासाठी पुडा निवडताना ती निभवायची कशी? तिला एका नजरेत कळेल अशी काळी खूण पुड्याच्या तोंडावर हवी, आणि शाळेच्या फाटकापासून त्या माळा हटायला हव्यात. ही मागणी पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत लेखी मांडावी, ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. तोवर कुणाच्या पोटाकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही.