विश्लेषण : ‘खरेदी’ केलेला चित्रपट खरेच तुमचा असतो का?

चाकूर : मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत चित्रपटांच्या व्हीसीडी बाजारात आणल्या आणि गावोगावी घरात सिनेमे जमू लागले. २०१८ मध्ये ही कंपनी अवसायनात गेली. पण कपाटातली व्हीसीडी प्लेअर असेल तर आजही चालते. ऑनलाइन खरेदीचे मात्र तसे नाही.

नेमके काय विकत मिळते?

‘खरेदी करा’ हे बटण दाबल्यावर बहुतेक वेळा आपल्याला चित्रपट किंवा पुस्तक नव्हे, तर ते पाहण्या-वाचण्याचा परवाना मिळतो. फाइल डाउनलोड केली तरी ती कुलूपबंद असते. किल्ली कंपनीकडेच राहते. खाते बंद झाले किंवा कंपनीने सेवा गुंडाळली, की परवानाही जाऊ शकतो.

असे कधी घडले आहे?

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या विकलेल्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकल्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले, पुस्तके गेली.

आपल्याशी याचा काय संबंध?

‘लातूर पॅटर्न’मुळे आपल्या भागात शिकवणीवर घरोघरी मोठा खर्च होतो. अनेक ॲपवरील रेकॉर्डेड लेक्चरना मुदत असते. मोठ्या मुलासाठी घेतलेले पुस्तक धाकट्याला वापरता येते. मुदत संपलेला कोर्स वापरता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, केवळ परवाना देत असल्याचे ग्राहकाला स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट ‘अनुचित करारा’त मोडू शकते. पण बटणावर कोणता शब्द असावा, याचा असा थेट नियम आपल्याकडेही हवा. भाड्याने द्यायचे आणि विकले म्हणायचे, हा व्यवहार आठवडी बाजारातही कुणी खपवून घेणार नाही.

तोपर्यंत काय करावे?

पैसे भरण्याआधी मुदत तपासा. कुलूप नसलेली फाइल मिळते का, ते पाहा. पावती आणि अटींचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. फसवणूक वाटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा.