गरुडाचे विमान आहे तसेच उडू द्या

‘संत तुकाराम’ चित्रपटाच्या शेवटी तुकोबांना न्यायला गरुडाचे विमान येते. ते आता खोटे दिसते, म्हणून संगणकावर नवे करून तिथे बसवावे, अशी सूचना हल्ली गंभीरपणे केली जाते. करणारे कोणी चित्रपटाचे वैरी नव्हेत. आटपाडीतच असे तरुण आहेत. लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करून पोट भरणारे, एआयची नवी करामत आली की रात्र जागून शिकणारे, वारी चाललेले. त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. त्यांची दुसरी सूचना तर आमच्या उंबऱ्यावरची आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ रंगीत करून घ्यावा, त्यातली बैलाची झुंज जरा ‘भारी’ करावी आणि ज्या वसाहतीवरून तो सुचला त्या स्वतंत्रपूरला पडदा लावून गावाला दाखवावा, असे ते म्हणतात.

दोन्ही सूचनांना माझा ठाम विरोध आहे. जुन्या चित्रपटांची डागडुजी व्हायलाच हवी, वेगाने व्हायला हवी आणि त्यासाठी संगणकही हवा. वाद आहे तो डागडुजी कशाची करायची आणि हात कुठे आवरायचा, याचा.

पूर्वपक्षाचा सगळ्यात लाडका मुद्दा आधी घेतो. ‘त्या काळी साधने नव्हती, असती तर त्यांनीही वापरलीच असती.’ ऐकायला हे बिनतोड वाटते. त्याचे उत्तर आमच्याच तालुक्यात आहे. आटपाडी औंध संस्थानात होती तेव्हाची गोष्ट. १९३९ मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या इंजिनिअरच्या साथीने आटपाडीजवळच्या माळावर भिंती नसलेली कैद्यांची वसाहत वसवली. कैद्यांनी शेती करायची, बायकामुलांसह राहायचे. तेच स्वतंत्रपूर. याच मुलखात, शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये चित्रपट केला, तोच ‘दो आँखें बारह हाथ’. पुढच्या वर्षी बर्लिनला त्याचा गौरव झाला.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९५५ मध्ये शांतारामांचा ‘झनक झनक पायल बाजे’ आला, तो टेक्निकलरमध्ये, डोळे दिपतील इतका रंगीत. १९५९ मध्ये ‘नवरंग’ आला, तोही रंगीत. मधल्या १९५७ सालचा ‘दो आँखें’ मात्र काळा-पांढरा. म्हणजे रंग त्यांच्या हाताशी होता, तो वापरायचा कसा हे त्यांना ठाऊक होते, एवढेच नव्हे तर त्याची हौसही होती. १९३३ च्या ‘सैरंध्री’पासून ते रंगाच्या मागे होते, तेव्हा तर प्रती जर्मनीत काढून आणल्या होत्या. अशा माणसाने उजाड माळ, तापलेली ढेकळे आणि सहा खुन्यांचे चेहरे यांच्यासाठी रंग बाजूला ठेवला. ‘साधन असते तर वापरले असते’ हे वाक्य इथे तोंडघशी पडते. साधन होते. नको म्हटले होते.

यावर लगेच म्हटले जाईल की शांतारामांचे ठीक. ‘संत तुकाराम’ करणाऱ्या दामले-फत्तेलालांना तरी १९३६ मध्ये संगणक कुठे होता? बरोबर, नव्हता. पण कलावंत जे करतो ते हाती असलेल्या साधनांच्या मर्यादेत विचार करूनच करतो, आणि त्या विचाराची खूण कामावर राहते. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. आधी कुंचला, मग कॅमेरा. बाबूरावांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’त कीचकाचे मुंडके उडते तो प्रसंग इतका खरा वाटला होता की सेन्सॉरने तो कापायला लावला. म्हणजे डोळ्याला हुबेहूब फसवायचे कसे, हे या परंपरेला पुरते माहीत होते. त्याच परंपरेतल्या दोघांनी तुकोबांचे चमत्कार मात्र साधे, अंगणात घडावेत तसे दाखवले. शिवाजी महाराजांना पकडायला आलेल्या शिपायांना कीर्तनातला जो तो शिवाजीच दिसू लागतो, तो प्रसंग आठवा. तिथे ना आतषबाजी, ना गडगडाट. विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांचा चेहरा जितका शांत, तितकाच तो चमत्कारही शांत. गरुडाचे विमान याच सुरात आहे. उद्या तिथे पिसान् पीस हलणारा, ढग फाडत येणारा गरुड बसवला, तर तो आधीच्या दोन तासांतल्या एकाही माणसाशी बोलणार नाही. खाली राहिलेली जिजाई एका चित्रपटातली आणि वर गेलेला गरुड दुसऱ्या चित्रपटातला, असे होईल.

दुसरा आक्षेप असा: ट्रिक ही दिसू नये म्हणूनच असते, ती दिसू लागली की फसली, आणि फसलेले दुरुस्त करण्यात पाप काय?

हे गृहीतच चुकीचे आहे. दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी ‘प्रोफेसर केळफा’ नावाने जादूचे प्रयोग करीत. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. चित्रपट सुरू होतो तो कृष्णाने नव्हे, मंदाकिनीने. आधी तिच्या चेहऱ्यावरचे भाव आपल्याला दाखवले जातात, मग त्याच चेहऱ्यातून पोशाखातला कृष्ण उमटतो. ही माझी पोर, आता हिचा कृष्ण होतो, बघा, असे फाळके उघड सांगतात आणि मग बघणाऱ्याला डोहात नेतात. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा माहितीपट करून त्यांनी कारखान्याचे दारही उघडून दाखवले होते. आमचा प्रेक्षक ट्रिक ओळखून हात जोडणारा होता. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत तंबूत लागलेला संतपट मी पाहिला आहे. पडदा वाऱ्याने फुगत होता, त्यामुळे विमान जरा जास्तच डुलत होते, आणि पुढच्या रांगेतल्या धनगर बायांनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले होते. त्यांना ते विमान खरे वाटले असे समजणे हा त्यांचा अपमान आहे. तमाशातल्या गौळणीत मिशी काढलेला गडी मावशी म्हणून उभा राहतो, तेव्हा तो पुरुष आहे हे तंबूतल्या शेवटच्या पोरालाही कळते. कोणी उठून जात नाही.

त्या ट्रिकमागे काय असे, तेही जवळून पाहिले पाहिजे. मूकपटाच्या काळात एकच नट एका चौकटीत दोनदा दाखवायचा तर भिंगाची अर्धी बाजू काळ्या झाकणाने बंद करीत. हँडल फिरवून प्रसंग घेत. एका फेऱ्याला फिल्मच्या आठ चौकटी सरकत, सेकंदाला साधारण दोन फेरे, आणि फेरे तोंडाने मोजत. मग भिंग पूर्ण झाकून तितकेच फेरे उलटे फिरवत, झाकण दुसऱ्या बाजूला लावून त्याच फिल्मवर दुसरा प्रसंग घेत. मोजणीत एक फेरा चुकला, कॅमेऱ्याला कोणाचे कोपर लागले, मधेच ढग आला, की दोन्ही वेळचे काम वाया. आणि हे कळायचे ते फिल्म धुतल्यावर. आज पडद्यावर दोन अर्धांच्या मध्ये जी थरथरती रेघ दिसते, ती या जोखमीची रेघ आहे. ती पुसणारा माणूस दोष पुसत नाही, हात पुसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत भक्कम आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. ‘तुम्ही ओरखडे काढता, लुकलुक काढता, आवाजातली खरखर काढता. तो बदल नाही का? मग गरुडाशीच का अडता?’

माझी कसोटी एका ओळीची आहे. पहिल्या खेळाला पडद्यावर जे होते ते परत आणायचे. नंतर काळाने, धुळीने, निष्काळजीपणाने जे चढवले ते काढायचे. ओरखडा नंतरचा आहे, तो जाऊ द्या. गरुड पहिल्या दिवसाचा आहे, तो राहील. याच कसोटीने कधी कधी काही पुसावेही लागते. १९५३ चा ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ घ्या. मंगळावरची तरंगती यंत्रे तारांनी टांगलेली होती. तेव्हाच्या टेक्निकलर प्रतींच्या मऊपणात त्या तारा लपत. पुढे वेगळ्या पद्धतीच्या, जास्त उजळ प्रती निघाल्या, मग व्हिडिओ आले, आणि तारा लख्ख दिसू लागल्या. अलीकडच्या जीर्णोद्धारात त्या काढल्या, आणि मला ते योग्य वाटते, कारण पहिल्या प्रेक्षकाने त्या पाहिल्याच नव्हत्या. मात्र हे ठरवायला त्या काळची प्रत शेजारी लावून पाहावी लागते. ‘मला खटकते’ एवढा आधार पुरत नाही.

आता मुळात नसलेले घालायला गेले की काय होते, याचा धडा ‘स्टार वॉर्स’ने दिला आहे. १९७७ च्या त्या चित्रपटातली याने म्हणजे हाताने केलेल्या प्रतिकृती. त्या कामाला ऑस्कर मिळाले. १९८८ मध्ये जॉर्ज लुकास यांनी स्वतः अमेरिकन संसदेपुढे जाऊन जुन्या चित्रपटांत रंग भरण्याविरुद्ध साक्ष दिली. आणि १९९७ मध्ये त्यांनीच आपल्या चित्रपटात संगणकी दृश्ये घातली, तीही मूळ निगेटिव्हमध्ये जोडून. पूर्वी गाळलेल्या एका प्रसंगात संगणकावरचा जब्बा हा खलनायक आणला. तो इतका बेगडी वाटला की २००४ मध्ये तो पुन्हा नवा करावा लागला. सात वर्षांत संगणकी जब्बा जुना झाला. १९७७ च्या प्रतिकृती आजही नजर धरून ठेवतात. जून २०२५ मध्ये लंडनला १९७७ ची जपलेली प्रत दाखवली, तेव्हा ती बातमी जगभर झाली. स्पीलबर्ग यांनीही ‘ई. टी.’च्या २००२ च्या आवृत्तीत सरकारी माणसांच्या बंदुकांच्या जागी वॉकीटॉकी घातले होते. चूक झाली असे ते पुढे जाहीरपणे म्हणाले आणि मूळ रूपच पुन्हा बाजारात आले. कर्त्यालाच जिथे हे पेलले नाही, तिथे दामले-फत्तेलालांच्या माघारी आपण कोण?

आपल्याकडे २०२५ या एकाच वर्षाने दोन्ही वाटा दाखवल्या. जूनमध्ये ‘शोले’ जुळवून, सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट मूळ रूपात परत आणून बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला. तो शेवट पहिल्या खेळाला नव्हता हे खरे, पण तो कर्त्यांनीच घेतलेला होता, मागाहून कोणी घातलेला नव्हे. ऑगस्टमध्ये ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा शेवट एआयने बदलून ती पुन्हा प्रदर्शित झाली, दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष दोघांनी विरोध केला, तरीही. हक्क कागदोपत्री कोणाचे, हा कोर्टाचा विषय. पण मेलेला नायक जिवंत करायला इतके थोडे श्रम लागतात, तर गरुडाला किती लागतील?

पोरे हसतात, हेही सांगितले जाते. हसू द्या. पहिली पाच मिनिटे हसतात, मग गप्प होतात. आणि २०२३ च्या ‘आदिपुरुष’मधल्या संगणकी लंकेलाही हीच पोरे हसली होती.

ज्यांना नवा गरुड करायचाच आहे त्यांनी नवा चित्रपट करावा, स्वतःच्या नावाने. तुकोबा कोणाची मक्तेदारी नाहीत. पण जुन्याच्या पोटात नवे घालून त्याला जीर्णोद्धार म्हणू नये, आणि मूळ प्रत अडगळीत टाकू नये. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मचे गोदाम जळाले तेव्हा परत न मिळणारे किती तरी एका दिवसात गेले. बाबूरावांचा ‘सैरंध्री’ तर त्याच्या कितीतरी आधीपासूनच नाही. उरलेल्यातला एकेक तुकडा आपण ‘सुधारून’ घालवायला लागलो, तर आगीची गरजही उरणार नाही.

आमच्या एडिटर मुलांच्या हाताला खरे काम आहे ते इथे. दोन तासांच्या चित्रपटात पावणेदोन लाखांच्या आसपास चौकटी असतात आणि ओरखडा चौकटीगणिक शोधावा लागतो. कुठला डाग धुळीचा आणि कुठला फत्तेलालांच्या कुंचल्याचा, हे ओळखायला डोळा आणि संयम लागतो, आणि तो या पोरांकडे आहे. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जाऊन त्यांनी हे शिकावे. स्वतंत्रपूरचा खेळ जरूर करावा, काळ्या-पांढऱ्यात, शांतारामांनी ठेवला तसा. वर्गणीचे पहिले पैसे मी देतो.