एक ‘पर्यंत’, दोन इंग्रजी शब्द



गेल्या जूनमधली गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी सौंदडहून बाहेरगावी अकरावीला गेली. घरी उन्हाळी धानाचे पैसे यायचे होते. म्हणून तिने फीसाठी मुदत मागणारा अर्ज स्वतःच इंग्रजीत लिहिला : ‘आय विल पे द फीज अंटिल थर्टीएथ जून.’ अर्ज घेणाऱ्याने विचारले, “तीस जूनपर्यंत भरत राहणार, मग पुढे कोण भरणार?” आजूबाजूचे हसले. पोरगी रडवेली होऊन परत आली. म्हणाली, “सर, पर्यंत म्हणजे अंटिल, हे तुम्हीच शिकवलं होतं.”

खरे होते. मी अर्धेच शिकवले होते. उरलेले अर्धे आज सांगतो.

मराठीतला ‘पर्यंत’ आणि उर्दूतला ‘तक’ दोन-दोन कामे करतात. ‘पाच वाजेपर्यंत थांब’ म्हटले की थांबणे पाचपर्यंत सतत चालू राहते. ‘पाच वाजेपर्यंत ये’ म्हटले की येणे एकदाच घडते, उशिरात उशिरा पाचला. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘अंटिल’ किंवा ‘टिल’ आणि दुसऱ्यासाठी ‘बाय’.

रमजान आठवा, म्हणजे विसरणार नाही. सहरी पहाटेपर्यंत उरकायची : बाय डॉन. रोजा सूर्यास्तापर्यंत चालतो : अंटिल सनसेट.

ओळखायची खूण सोपी आहे. ‘च्या आत’ बसते का ते पाहा. ‘तीस जूनच्या आत फी भरेन’ बसते, म्हणून बाय. ‘पाचच्या आत थांब’ बसत नाही, म्हणून अंटिल. फक्त नकार आला की जपावे. ‘अब्बा सोमवारपर्यंत येणार नाहीत’ यात न येणे चालूच राहते, म्हणून तिथे अंटिल.

‘बाय’ आपल्याला परका नाही. दहा बाय बाराची खोली आणि वन बाय टू चहा आपण रोज बोलतो. सौंदडहून गोंदियाला रेल्वेने गेलो तर ‘बाय ट्रेन’, एसटीने गेलो तर ‘बाय बस’. पायी गेलो तर मात्र ‘ऑन फूट’. स्वतःच्या गाडीने गेलो तर ‘इन माय कार’. तिथे बाय नाही.

दुसरा घोटाळा मराठीच्या ‘ने’चा. ‘हे पत्र भावाने पेनने लिहिले.’ दोन्हीकडे ‘ने’च. इंग्रजीत करणाऱ्याला ‘बाय’ लागतो आणि हत्याराला ‘विथ’ : बाय माय ब्रदर, विथ अ पेन.

उर्दू वाचणाऱ्या मुलांना आणखी एक सोय आहे. ‘दिन-ब-दिन’ म्हणजे ‘डे बाय डे’. फारसीतून आलेला हा छोटा ‘ब’ इथे बायच्याच जागी उभा आहे. तोच ‘ब’ मराठीच्या ‘हुबेहूब’मध्येही लपला आहे.

त्या मुलीने दुसरा अर्ज लिहिला. एकच शब्द बदलला : ‘बाय थर्टीएथ जून.’ मुदत मिळाली आणि फी त्या तारखेच्या आत भरली गेली. मी मात्र आता ‘पर्यंत’ शिकवताना दोन्ही शब्द एकाच वेळी फळ्यावर लिहितो.

घरचा अभ्यास : मुलांना जवळ बसवा आणि या तीन वाक्यांत बाय की अंटिल ते विचारा. ‘दुकान नऊपर्यंत उघडे असते.’ ‘गृहपाठ उद्यापर्यंत पूर्ण कर.’ ‘पाऊस थांबेपर्यंत इथेच बस.’ उत्तरे : अंटिल, बाय, अंटिल.