आईचा अंबाडा

दिवाळीत कुरुंद्याला गेले, तर आई शेजारच्या काकूंकडून अंबाडा घालून घेत होती. ''हात मागं जातच नाही बघ, सहा महिने झाले,'' असं तिने सांगितलं, जणू दूध नासलंय! रोज फोनवर बोलतो आम्ही. काय बोलतो, देव जाणे. खांद्यावर हळदीचा लेप होताच. वसमत तालुका म्हणजे हळदीचं माहेर, दुसरं काय सुचणार?

नांदेडला डॉक्टरांना दाखवलं. फ्रोझन शोल्डर! म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं, आक्रसतं. चाळिशी ते साठीत, बायकांना जास्त आणि डायबेटिस असेल तर धोका आणखी वाढतो. आईकडे सगळंच होतं. आपोआप बरं व्हायला एक ते तीन वर्षंही लागू शकतात.

डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. काही दिवस साखर वाढेल, तपासत राहा, असंही बजावलं. दोन आठवड्यांत आई शांत झोपायला लागली आणि मॅडमनी फिजिओथेरपी बंद केली. ''दुखतच नाही, तर कशाला जायचं?''

लॉजिक एकदम परफेक्ट, फक्त उलटं! इंजेक्शन दुखणं आणि सूज कमी करतं. आखडलेला खांदा मोकळा करायचा तो व्यायामानेच. दुखणं कमी असतं ते काही आठवडे म्हणजे व्यायामाची खरी संधी. ब्रिटनमधल्या ५०३ पेशंट्सचा अभ्यास २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. एका गटाला इंजेक्शन आणि फिजिओथेरपी, दुसऱ्या गटाचा खांदा भूल देऊन मोकळा केलेला, तिसऱ्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया. वर्षभरानंतर तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. म्हणजे पहिल्याच दिवशी ऑपरेशनला घाबरायचं कारण नाही.

मग मी रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावायला लागले. फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं सगळं: वाकून हात लंबकासारखा झुलवायचा, बोटांनी भिंत चढायची, पाठीमागे टॉवेल ओढायचा. भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा. ''आज दोन बोटं वर गेले गं!'' ऑफिसातल्या कुठल्याच टार्गेटने मला एवढा आनंद दिलेला नाही.

परवा फोटो आला. अंबाडा वाकडा, बटा सुटलेल्या. खाली एवढंच, ''माझा मीच घातला.''

आज घरी फोन कराल, तेव्हा 'कशी आहेस?' विचारू नका. 'बरी आहे' हेच उत्तर येतं. विचारा, 'केस कोण बांधतं तुझे?'